काळ्या पडद्यावरची खिडकी

लघुप्रबंध जमा करायला एकोणीस दिवस उरले होते आणि माझ्या रूममेटच्या लॅपटॉपने मान टाकली. दुरुस्तीवाला म्हणाला, मदरबोर्ड गेलाय, अकरा हजार. ती एमए मराठीला. आजीकडून आणि गावातल्या बायकांकडून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या हा तिचा विषय. फाइल्स पेनड्राइव्हवर शाबूत होत्या, पण अकरा हजार म्हणजे आमच्या कॉटबेसिसचं दोन महिन्यांचं भाडं! मोबाइलवर ऐंशी पानं टाइप करून बघा एकदा, मग बोलू.

मदत आली नारायण पेठेतून. तिच्या ओळखीच्या एका काकांचं डीटीपीचं दुकान बंद होत होतं. कोपऱ्यात एक जुनं वर्कस्टेशन पडलेलं. आत झिऑन प्रोसेसर, ४ जीबी रॅम, रेडिऑनचं ग्राफिक्स कार्ड. "भंगारवाला तीनशे देतोय. तुम्हीच न्या गं, निदान कामाला येईल," काका म्हणाले. साध्या पीसीच्या दुप्पट जड ते धूड आम्ही रिक्षात मांडीवर घेऊन आणलं.

त्यातलं विंडोज इतकं जुनं, की ब्राउझरही धड उघडेना. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय आणि ११ला टीपीएम २.० लागतं, ते या आजोबांकडे कुठून असणार? मग लिनक्स. माझ्याकडे पेनड्राइव्हवर डेबियन ११ होतं. रॅम कमी आहे म्हणून इन्स्टॉल करताना मी मोठ्या शहाणपणाने 'डेस्कटॉप'समोरची टिक काढून टाकली. मशीन रीस्टार्ट झालं आणि समोर काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरात 'लॉगिन'. बस्स. ना आयकॉन, ना माऊस. रूममेटने माझ्याकडे असं पाहिलं, की मी तिची डिग्रीच डिलीट केलीय.

खरं तर बिघडलं काहीच नव्हतं. विंडोजमध्ये खिडक्या सिस्टिमसोबतच येतात. लिनक्समध्ये खिडक्या दाखवणं हा वेगळ्या प्रोग्रामचा धंदा आहे. त्याचं नाव एक्स, फक्त एक्स. १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी तो सुरू केला. त्याआधी डब्ल्यू नावाची विंडो सिस्टिम होती, म्हणून पुढचं अक्षर एक्स. (नाव ठेवायला बारसं करावं लागतं असं कोण म्हणतं?) आज आपण वापरतो ती अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ची. म्हणजे माझी आई तेव्हा शाळेत होती.

एक्स स्वतः फार कमी करतो. पडद्यावर चौकोन काढतो, त्यात चित्र भरतो आणि की-बोर्ड, माऊसच्या हालचाली योग्य प्रोग्रामपर्यंत पोचवतो. खिडकीची चौकट, ती ओढायची पट्टी, बंद करायची फुली हे सगळं विंडो मॅनेजर नावाचा दुसराच प्रोग्राम करतो. त्यावर पॅनेल, मेन्यू वगैरे घेऊन डेस्कटॉप बसतो. आणि गंमत म्हणजे यात सर्व्हर आपल्या टेबलावर असतो! जो पडदा आणि माऊस सांभाळतो तो सर्व्हर, त्याच्याकडे खिडकी मागणारा प्रोग्राम क्लायंट. तो प्रोग्राम दुसऱ्या मशीनवर चालत असला तरी चालतं. आता वेलँड नावाची नवी पद्धत बऱ्याच ठिकाणी एक्सची जागा घेतेय, पण आमच्या आजोबांसाठी एक्सच बरा.

मोबाइल यूएसबीने जोडून नेट दिलं आणि एक्सऑर्ग, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप आणि लिब्रेऑफिस मागवलं. डेटा संपेल या भीतीने सोबत सुचवलेली जादा पॅकेजेस वगळली. मग 'स्टार्टएक्स' टाइप केलं, एंटर दाबलं. पडदा काळा. पाच मिनिटांनीही काळाच.

रात्रीचा एक वाजलेला. रूममेट झोपल्याचं नाटक करत होती. मी कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबून दुसऱ्या कन्सोलवर गेले आणि एक्सचा लॉग उघडला. त्यात चुकांच्या ओळींपुढे 'ईई' असं लिहिलेलं असतं, तेवढंच शोधायचं. तिथे नुसतंच कळलं, की पडदा सापडत नाहीये. कारण कर्नलच्या संदेशांत होतं: रेडिऑनची फर्मवेअर फाइल मिळाली नाही. हे कार्ड सुरू होताना त्यात एक छोटा प्रोग्राम भरावा लागतो. तो मुक्त परवान्याचा नसल्याने डेबियन ११च्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये नव्हता. जून २०२३मध्ये आलेल्या डेबियन १२पासून इन्स्टॉलरमध्येच असतो. म्हणजे मी पेनड्राइव्ह वेळेवर बदलला असता, तर ही रात्र वाचली असती. असो. पॅकेजच्या यादीत 'नॉन-फ्री' विभाग जोडला, एएमडी ग्राफिक्सचं फर्मवेअर घेतलं, रीबूट, पुन्हा स्टार्टएक्स.

निळसर पडदा आला. मधोमध माऊसचा बाण. मी किंचाळले, झोपेचं नाटक संपलं.

आनंद दोन मिनिटं टिकला. तिने लघुप्रबंधाची फाइल उघडली आणि ओव्यांच्या जागी नुसते चौकोन! ओळीच्या ओळी चौकोन. तिचे डोळे भरून आले, कारण तिला वाटलं फाइल गेली. फाइलला काही झालं नव्हतं. वगळलेल्या पॅकेजेससोबत मी देवनागरी फाँटही वगळले होते. फाँट आले, चौकोन गेले, तिची आजी पुन्हा बोलू लागली. ती इन्स्क्रिप्टवर टाइप करते, तो मराठी लेआउट एक्सच्या की-बोर्ड सेटिंगमध्ये आधीपासूनच होता. नुसता निवडायचा होता.

पंखा मिक्सरसारखा आवाज करतो. ब्राउझरचे सहा टॅब उघडले की मशीन विचारात पडतं. पण नुसता डेस्कटॉप ५०० एमबीच्या आत भागवतो आणि लेखन मस्त चालतं. लघुप्रबंध मुदतीच्या आदल्या दिवशी जमा झाला. काकांचा फोन आला होता, "चालतंय का गं?" म्हणून. शेजारच्या खोलीतल्या बीकॉमवालीने प्रोजेक्टसाठी शनिवार-रविवार बुक केलाय, हे त्यांना सांगितलं. काका म्हणाले, "पंखा उघडून धूळ काढा आधी."