नशा की डोक्याचा मार?

दारू प्यालेला माणूस पडून त्याच्या डोक्याला मार लागला, की बघणाऱ्यांची फसगत होते. बरळणे, झोकांड्या, ओकारी, गुंगी ही लक्षणे दारूची असतात, तशीच कवटीत रक्त साकळू लागल्याचीही असतात. ‘आज जास्त झालीय, झोपू द्या,’ असे म्हणून घरचे त्याला ओट्यावर आडवा करतात. तो मोठ्याने घोरत असतो आणि ते घोरणे झोपेचे आहे, असेच सगळ्यांना वाटते. वर जखम दिसेलच असे नाही. काही जण मारानंतर शुद्धीवर येतात, नीट बोलतात आणि काही तासांनी पुन्हा बेशुद्ध होतात.

वर्षानुवर्षे पिणाऱ्याचा मेंदू थोडा आक्रसतो, मेंदूभोवतीच्या शिरा ताणल्या जातात आणि साध्या धक्क्यानेही फुटू शकतात. यकृत बिघडलेले असेल तर रक्तही लवकर गोठत नाही. कधी रक्त इतके हळूहळू झिरपते, की त्रास काही आठवड्यांनी सुरू होतो. तोवर ते पडणे घरात कुणाच्या लक्षातही नसते.

कोरोनाच्या साथीच्या काळात यात आणखी एका संकटाची भर पडली. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली आणि दारूची दुकाने मे महिना उजाडेपर्यंत बंद राहिली. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, की साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी कंपासोबत तीव्र भ्रमही सुरू होऊ शकतो. फिट आलेल्या माणसाला सावरायला हात पुढे करता येत नाही, त्यामुळे डोके थेट जमिनीवर आपटते. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेल्या सात जणांचा जीव गेला.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने दारूचा प्रश्न साथीच्या कितीतरी आधी हाती घेतला होता. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा या लहानशा दुष्काळी गावात दारूचे २२ गुत्ते होते. ते बंद झाले. नशाबंदीच्या जोडीला कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान आले, पाणी अडले, शेतात काम मिळू लागले. मे २०२१ मध्ये याच गावाने घरोघर तपासणी आणि वेळेवर विलगीकरण करून कोरोना गावाबाहेर घालवला. गावाने ठरवून दारू सोडणे वेगळे आणि व्यसनी माणसाची बाटली एका रात्रीत तुटणे वेगळे. दुसऱ्या वेळी डॉक्टर आणि औषधोपचार हवेतच.

प्यालेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला, तर त्याला झोपवून निघून जाऊ नये. वारंवार ओकारी, फिट, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, कानानाकातून रक्त किंवा पाणी येणे, हाक मारूनही न उठणे, यांतले काहीही दिसले तर लगेच १०८ ला फोन करावा. गाडी येईपर्यंत मान न हलवता त्याला कुशीवर वळवावे आणि डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात: तो प्याला होता, आणि तो पडला होता.