सुटीच्या कागदावरची सही

रुग्णालयातून घरी येण्याचे दोन मार्ग आहेत. एक डॉक्टरांनी सुटी दिल्यावर आणि दुसरा त्यांनी 'अजून थांबा' म्हटले असताना. दुसऱ्या मार्गाने निघणाऱ्याकडून 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर जात आहोत' अशा आशयाच्या कागदावर सही घेतात. रुग्णालयाच्या बोलीत यालाच 'डामा' म्हणतात. करारनामा दोनदा वाचल्याशिवाय सही न करणारा व्यापारी हा कागद मात्र न वाचताच सही करून मोकळा होतो.

वैरागसारख्या गावातील कुटुंबांना मोठ्या उपचारांसाठी बार्शी किंवा सोलापूर गाठावे लागते. एक मुलगा रुग्णाजवळ, दुसरा दुकानात, त्यात तुरीचा हंगाम सुरू असतो. ताप उतरला की 'आता घरीच गोळ्या देऊ' असा विचार बळावतो. पण न्यूमोनियात ताप उतरणे म्हणजे जंतुसंसर्ग संपणे नव्हे. प्रतिजैविके मध्येच थांबवली, तर आजार उलटू शकतो आणि दुसऱ्या भरतीचा खर्च पहिल्यापेक्षा जड जातो.

जैन घरांत आणखी एक कारण असते. आजीचा रात्रिभोजनत्यागाचा नियम असतो, पाणी उकळलेलेच लागते, कंदमुळे वर्ज्य असतात. त्यातच पर्युषण आले की 'मला घरी न्या' हा हट्ट सुरू होतो. हट्टामागची श्रद्धा खरी असते. पण प्रत्याख्यानाच्या परंपरेतच आगारांची, म्हणजे सवलतींची, तरतूद आहे. आजारपणात समाधी टिकावी म्हणून औषध घेणे त्यात बसते. गुरुजनांना विचारून ही सवलत आजीला समजावून सांगितली, डॉक्टरांना नियम आधीच सांगून औषधांच्या वेळा शक्य तेथे जुळवून घेतल्या आणि घरचा डबा पोहोचवला, तर बहुतेकदा वाद मिटतो.

खर्चाची धास्ती हे तिसरे कारण. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत सोलापूर होता. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. 'ती आपल्यासाठी नाही' हा व्यापारी घरांतील समज आता जुना झाला. 2023 च्या शासननिर्णयाने पांढऱ्या शिधापत्रिकेसह सर्व कुटुंबांना वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड काढता येते. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. 155388 या क्रमांकावरही चौकशी करता येते. खासगी विमा असेल, तर रुग्णालयाकडून अंतिम विनंती गेल्यावर तीन तासांत सुटीची मंजुरी देण्याचे बंधन विमा नियामकाने 2024 मध्ये कंपन्यांवर घातले आहे.

याचा अर्थ रुग्णाला जाण्याचा हक्क नाही, असा नव्हे. शुद्धीवर असलेला प्रौढ रुग्ण उपचार नाकारू शकतो. महाराष्ट्रातील 2021 च्या शुश्रूषागृह नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे खासगी रुग्णालयांना बंधनकारक आहे. बिल थकले म्हणून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही. अंतसमय ओळखून, विचारपूर्वक, घरीच शांतपणे राहण्याचा निर्णय ही तर अगदी वेगळी गोष्ट आहे. कंटाळून किंवा घाबरून निघणे आणि समजून निघणे यांत मोठे अंतर आहे.

म्हणून सही करण्यापूर्वी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : आज नेले तर नेमका धोका कोणता? आणखी किती दिवस आणि अंदाजे किती खर्च? घरी गेल्यावर कोणती लक्षणे दिसताच परत आणायचे? उत्तरे ऐकूनही जायचेच ठरले, तर तपासण्यांचे अहवाल, औषधांची यादी आणि सुटीचा सारांश मागून घ्यावा. न सांगता निघून जाणारा रुग्ण हे सारे गमावतो आणि पुढच्या डॉक्टरला शून्यापासून सुरुवात करावी लागते.

चार दानांत औषधदानाचे स्थान मोठे आहे. रकमेच्या देणगीइतकेच, आजारी माणसाच्या उशाशी एक रात्र बसून त्याच्या मुलाला दुकान उघडायला मोकळे करणे, हेही औषधदानच. अशी पाळी समाजातील तरुणांनी वाटून घेतली, तर सुटीच्या कागदावरच्या कितीतरी घाईच्या सह्या टळतील.