मशीन बिघडलेलं नाही, बाबा!

घरचं बीपीचं मशीन दर वेळी वेगळाच आकडा दाखवतंय? स्क्रीनच्या कोपऱ्यात इवलंसं हार्ट लुकलुकतंय? मग दुकानदाराशी भांडायला निघण्याआधी दोन मिनिटं थांबा. कदाचित मशीन तुम्हाला काहीतरी सांगू पाहतंय...

मागच्या दिवाळीत अकोल्याला जाताना बाबांसाठी बीपीचं मशीन घेतलं. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या आम्हा पोरांचा हा ठरलेला फंडा. आपण घरी नसतो, मग आपल्याऐवजी एखादं मशीन तिथे ठेवून यायचं! रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये मांडीवर तो खोका सांभाळत मी स्वतःवर भलतीच खूश होते.

आठवडाभरात फॅमिली ग्रुपवर फोटो यायला लागले. सकाळी १५८/९४. पाच मिनिटांनी १३२/९०. पुन्हा लावलं तर १४६/८६. कधी आकड्याऐवजी नुसतंच ‘एरर’. आणि बऱ्याच फोटोंत कोपऱ्यात एक छोटंसं हार्ट. आईला वाटलं, ते डिझाइन आहे.

रात्री बाबांचा फोन. “हे मशीन येडी हाय वं माय. घडीत वर, घडीत खाली. माहा बीपी हाय का शेअर बाजार?”

मी हसले. दुकानदारानंही कुरकुर न करता मशीन बदलून दिलं. नव्या मशीनची तीच तऱ्हा! मग बाबांनी त्यांच्या परीनं मार्ग काढला. आकडा वर गेला की बीपीची एक गोळी जास्त, खाली आला की त्या दिवशीची गोळी बंद. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. कळलं ते थेट एका सकाळी, आंघोळीला जाताना भोवळ येऊन ते भिंतीला धरून खाली बसले तेव्हा.

आत्याचे चार बोटं

माझी आत्या अमरावतीला असते. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य घालवून आता रिटायर झालीय. खबर कळताच ती दुपारपर्यंत अकोल्यात हजर. आल्या आल्या तिनं मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही. बाबांचा हात हातात घेतला, अंगठ्याच्या खाली मनगटावर बोटं टेकवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत गप्प बसली. पूर्ण एक मिनिट.

“लेका, मशीन चांगली हाय,” ती म्हणाली. “तुही नाडीच ठेक्यात नाई.”

दुसऱ्या दिवशी ईसीजी निघाला. निदान झालं, एट्रिअल फिब्रिलेशन. डॉक्टर त्याला थोडक्यात ‘एएफ’ म्हणतात. दोन मशीन्स महिनाभर तेच सांगत होती. ऐकून घ्यायला आम्हीच तयार नव्हतो!

ठेका चुकतो तेव्हा

आपलं हृदय बसल्या जागी साधारण मिनिटाला ६० ते १०० ठोके देतं. एखाद्या चांगल्या तबलजीसारखं, एका लयीत. एएफमध्ये हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावायचं सोडून नुसतेच थरथरतात. मग खालच्या कप्प्यांना ऑर्डर मिळते ती कधी लवकर, कधी उशिरा. परिणाम? कोणत्याही दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं नाही.

आता बीपीचं गणित बघा. दोन ठोक्यांमध्ये वेळ जास्त मिळाला तर हृदय रक्तानं नीट भरतं आणि पुढचा ठोका जोरकस पडतो. वेळ कमी मिळाला तर ते अर्धवटच भरतं आणि ठोका कमजोर. म्हणजे दर ठोक्यागणिक प्रेशर खरोखरच बदलत असतं. १५८ही खरं, १३२ही खरं!

जुना अमरावती-अकोला रस्ता आठवतोय? एनएचएआयनं २०२२च्या जूनमध्ये याच मार्गावर ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत तयार करून गिनीज रेकॉर्ड केलं, त्याच्या आधीचा तो खड्ड्यांचा रस्ता. त्यावर गाडी चालवताना एका क्षणी स्पीडोमीटरचा काटा ६०वर असायचा, दुसऱ्या क्षणी २०वर. म्हणून स्पीडोमीटर बिघडला असं आपण म्हणत नव्हतो. गाडी कशी चाललीय ते सांगायला एका नजरेतला आकडा पुरत नव्हता, इतकंच. अॅव्हरेज काढावं लागायचं. अनियमित ठोक्यांच्या माणसाचं बीपी अगदी तस्संच.

मशीनला नेमकं कळतं तरी काय?

डॉक्टर दंडाला पट्टा बांधून कोपराजवळ स्टेथोस्कोप लावतात, तेव्हा ते आवाज ऐकत असतात. पट्ट्याची युक्ती इटलीच्या रिवा-रोची यांची, १८९६ची. आणि आवाज ऐकायची युक्ती कोरोत्कोव्ह या रशियन सर्जनची, १९०५ची. सव्वाशे वर्षं होत आली तरी ती अजून कामात आहे.

घरचं ऑटोमॅटिक मशीन मात्र आवाज ऐकत नाही. पट्ट्यातली हवा हळूहळू कमी होताना दर ठोक्याला त्या हवेत बारीकशी थरथर होते, ती ते मोजतं. थरथर सगळ्यात जास्त कुठे झाली ते पाहून वरचा आणि खालचा आकडा हिशेबानं काढतं. हा हिशेब प्रत्येक कंपनीचा आपापला, आणि सहसा गुपित! आणि ‘ठोके एका लयीत पडतायत’ हे त्या हिशेबात गृहीत धरलेलं असतं. लय बिघडली की मशीनचा गोंधळ उडतो. आकडे हलतात, कधी ‘एरर’ येते. पल्सचा आकडाही कमी दिसू शकतो, कारण काही ठोके इतके कमजोर असतात की ते हातापर्यंत पोचतच नाहीत.

म्हणूनच ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की बीपी मोजण्याआधी नाडी बघा. ती अनियमित असेल तर स्टेथोस्कोप लावून हातानं बीपी मोजा. आत्यानं ‘नाइस’चं नावही ऐकलेलं नाही. पण केलं तेच!

ते लुकलुकणारं हार्ट

आता त्या चिन्हाकडे येऊ. बऱ्याच मशीन्सवर हार्टची दोन चिन्हं असतात. एक नाडी सापडली की साधं धडधडणारं. दुसरं अनियमित ठोक्यांचं, थोडं वेगळ्या आकाराचं. कोणतं कशासाठी, हे आपण ज्या माहितीपुस्तिकेची सुरळी करून रद्दीत टाकतो तिच्यात लिहिलेलं असतं बरं का! उदाहरणार्थ ओमरॉनच्या मशीनमध्ये ठोक्यांची लय सरासरीपेक्षा २५ टक्क्यांनी कमी किंवा जास्त झाली की हे चिन्ह येतं.

पण चिन्ह आलं म्हणजे एएफच, असं नाही. मोजताना बोललात, हात हलवलात, तरी ते येऊ शकतं. मधूनच एखादा ठोका जादा पडणं तर अगदी धडधाकट माणसालाही होतं. काही मशीन्स खास एएफ हुडकण्यासाठीच बनवलेली असतात. मायक्रोलाइफचं ‘वॉचबीपी होम ए’ हे त्यातलं एक, ‘नाइस’नं २०१३मध्ये त्याची शिफारसही केली होती. तरीही शेवटचा शब्द ईसीजीचाच. नियम सोपा आहे. चिन्ह एकदा दिसलं तर शांत बसून पुन्हा मोजा. वारंवार दिसायला लागलं तर ईसीजी काढा. मशीन बदलू नका!

एवढं टेन्शन कशाला?

कारण एएफ गप्पपणे येतो. कुणाला धडधडतं, धाप लागते, थकवा येतो. कुणाला काहीच होत नाही. बाबांनाही भोवळ येईपर्यंत काहीच जाणवलं नव्हतं. पण थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूकडे गेली की स्ट्रोक. म्हणजे आपण ज्याला लकवा मारला म्हणतो तो. एएफ असलेल्यांना हा धोका सुमारे पाच पट असतो. वर्षानुवर्षांचं हाय बीपी हे एएफचं एक मोठं कारण. आपल्याकडे त्यात लहानपणीच्या संधिवाती तापानं खराब झालेल्या झडपांची भर पडते, त्यामुळे तुलनेनं तरुण पेशंटही दिसतात.

चांगली बातमी अशी की एएफ वेळेत सापडला तर रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांनी स्ट्रोकचा धोका बराच कमी होतो. मात्र ही औषधं चालू असताना बीपी वर राहिलं तर रक्तस्रावाची भीती वाढते. म्हणजे ज्या माणसाचं बीपी मोजणं सगळ्यात अवघड, त्याचंच ते नीट मोजलं जाणं सगळ्यात गरजेचं. आहे की नाही पंचाईत?

मग मशीन माळ्यावर टाकायचं का?

मुळीच नाही! फक्त वापरायची पद्धत बदलायची. बाबांच्या डॉक्टरांनी आधी त्यांच्या हातानं बीपी मोजलं, मग लगेच आमच्या मशीननं मोजलं आणि दोन्हीत किती फरक पडतो ते पाहून ठेवलं. मग सांगितलं, एकदा मोजायचं नाही. एक-एक मिनिट थांबून तीनदा मोजायचं आणि सरासरी लिहायची.

मघाचेच आकडे घ्या. १५८, १३२ आणि १४६ची सरासरी १४५. खालचे ९४, ९० आणि ८६, सरासरी ९०. म्हणजे १४५/९०. घरी मोजलेलं बीपी १३५/८५ किंवा त्याहून जास्त राहत असेल तर ते जास्त धरतात. ज्या आकड्यांना आम्ही महिनाभर ‘येडे’ म्हणत होतो, ते सरळ सांगत होते की बीपी कंट्रोलमध्ये नाही! एएफमध्ये वरच्या आकड्याची सरासरी बऱ्यापैकी भरवशाची असते. खालचा आकडा मशीन थोडा जास्त दाखवू शकतं, म्हणून त्यावर एकट्यानं निष्कर्ष काढू नये.

आणि गोळ्या? त्या आकडा बघून नाही, डॉक्टरांना विचारून. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५च्या पुढे जातो. अंगातलं पाणी कमी झालं की बीपी उतरू शकतं. तेव्हाही गोळी परस्पर बंद करायची नाही. वही घेऊन डॉक्टरांकडे जायचं. ते डोस ठरवतील.

एक गंमत सांगते. बाबा मोजायला बसायचे ते जेवण झालं की, खर्रा तोंडात टाकून, टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडत! तंबाखूनं बीपी चढतं, बोलण्यानं चढतं, चिडण्यानं तर चढतंच. आता आई आधी टीव्ही बंद करते. खर्रा अजून पूर्ण सुटला नाहीये, पण त्यावरची बोलणी चालू आहेत.

‘माझं वय काय, माझा काय संबंध?’

असं वाटत असेल तर थांबा. वीकेंडच्या पार्टीत प्रमाणाबाहेर दारू झाली की तरुणांमध्येही ठोके बिघडतात. डॉक्टरांच्या भाषेत त्याला ‘हॉलिडे हार्ट’ असं गोंडस नाव आहे. थायरॉइड जास्त काम करत असेल तरी असं होतं. तरुणपणी श्वासाबरोबर नाडी थोडी कमी-जास्त होणं मात्र नॉर्मल आहे. त्यासाठी रात्रभर गूगल करत बसू नका!

आणि तुमचा खरा संबंध आहे तो घरी. मशीन घेऊन देणारे आपण, पण ते वापरायला शिकवणारं कुणी नसतं. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा दहा मिनिटं काढा. आई-बाबांच्या मनगटावर बोटं टेकवा आणि एक मिनिट गप्प बसा. घाईत पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही बरं का! ठेका चुकतोय का ते त्या उरलेल्या सेकंदांतच कळतं.

मी आता दर खेपेला हे करते. पहिल्यांदा हात धरला तेव्हा बाबा लाजले होते. किती वर्षांत मी त्यांचा हात असा धरला नव्हता, देव जाणे. “काय म्हणते मंग नाडी?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “थांबा बाबा, अजून चाळीस सेकंद आहेत.”

फंडा क्लिअर!

• मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवीला जाऊन या. पाच मिनिटं शांत बसा.

• पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवर नाही. मोजताना गप्पा बंद.

• पट्टा दंडाच्या मापाचा हवा. मनगटावरच्या मशीनपेक्षा दंडावरचं मशीन जास्त भरवशाचं.

• सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, ठरलेल्या वेळी मोजा. ठोके अनियमित असतील तर प्रत्येक वेळी तीनदा.

• सगळे आकडे वहीत लिहा, चिन्ह किंवा ‘एरर’ आली तर तेही. डॉक्टरांना आवडता आकडा नाही, पूर्ण वही दाखवा.

• तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, छातीत दुखणं, खूप धाप लागणं, शुद्ध हरपणं... यातलं काहीही झालं तर मशीन शोधत बसू नका. लगेच १०८ फिरवा. स्ट्रोकमध्ये गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.