चार अक्षरं, अठरा बाइट

तुमसर तालुक्यातला आंबागड पाहिलाय का? सातपुड्याच्या जंगलातला किल्ला. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचा सरदार राजा खान पठाण याने तो १७०० च्या सुमारास बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. अशा गडाच्या दारावरचा पहारेकरी अनोळखी माणसाला थोडाच आपल्या मर्जीने आत सोडणार? तो आत वर्दी देणार, होकार आला की मगच दिंडी उघडणार.

कॉलेजातलं वायफाय असंच वागतं. छताला लावलेल्या त्या पांढऱ्या डबीला तुमचा पासवर्ड ठाऊकच नसतो! ती आतल्या सर्व्हरला विचारते. हे विचारायची एक ठरलेली पद्धत म्हणजे ‘रेडियस’. तिचे नियम २००० साली ‘आरएफसी २८६५’ या दस्तऐवजात लिहून ठेवलेत.

डबी पाठवते ते एक पॅकेट, म्हणजे नुसती आकड्यांची रांग. पहिल्या बाइटमध्ये कामाचा आकडा. १ म्हणजे ‘आत येऊ का?’; सर्व्हरच्या उत्तरात २ म्हणजे ‘या’, ३ म्हणजे ‘नाही’, आणि ११ म्हणजे ‘थांबा, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या’. दुसऱ्या बाइटमध्ये निरोपाचा क्रमांक, कारण उत्तर आलं तर ते कुणाचं हे कळायला नको? मग दोन बाइटमध्ये पॅकेटची लांबी, आणि १६ बाइटची एक संख्या, दर वेळी नवी, कुणाला अंदाज लागू नये अशी.

आता खरी गंमत. या रांगेत ना स्वल्पविराम, ना मोकळी जागा. मग नाव कुठे संपलं हे सर्व्हरला कसं कळतं? प्रत्येक माहिती आधी आपला प्रकार सांगते, मग लांबी, मग स्वतःला. समजा, कुणी ‘आंबागड’ हेच नाव घेतलं. आपल्याला चार अक्षरं दिसतात. संगणक मात्र आ, अनुस्वार, ब, काना, ग, ड अशी सहा चिन्हं मोजतो, आणि चिन्हं साठवायच्या ‘यूटीएफ-८’ या पद्धतीत त्यातल्या प्रत्येकाला तीन बाइट लागतात. झाले अठरा! प्रकाराचा एक आणि लांबीचा एक धरून वीस. म्हणून नावाआधी आकडे येतात १ (‘नाव’ या प्रकाराचा आकडा) आणि २०.

पासवर्ड जरा लबाड. तो इंग्रजी तीन अक्षरांचा असला तरी पुढे शून्यं भरून १६ बाइटचा करतात, आणि मग त्या नव्या संख्येच्या आणि डबी-सर्व्हरच्या गुपिताच्या मदतीने ओळखू न येण्याजोगा करून टाकतात.

पवईच्या आयआयटी मुंबईसारख्या संस्था ‘एज्युरोम’ या देशोदेशीच्या विद्यापीठांच्या सामायिक वायफाय व्यवस्थेत आहेत. तिथला विद्यार्थी परदेशी विद्यापीठात गेला, तर तिथलं वायफाय त्याच्या नावातला @ च्या पुढचा भाग वाचून निरोप मधल्या सर्व्हरांमार्फत भारताकडे धाडतं. पासवर्ड तपासायचा तो पवईच्याच सर्व्हरने!

रेडियसमध्ये नावाला जास्तीत जास्त २५३ बाइट मिळतात, म्हणजे मराठीची ८४ चिन्हं. तुमचं नाव किती बाइटचं? मोजा पाहू. जोडाक्षर असेल, तर पाय मोडल्याची खूणही वेगळी मोजायची बरं का!