थंड इंजिन आणि वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर

कोलकात्याची थंडी तशी सौम्यच. जानेवारीच्या पहाटे पारा साधारणतः १३-१४ अंशांवर थांबतो. पुण्याची थंडी याहून थोडी अधिक, पण कोरडी. हुगळीकाठच्या हवेत मात्र बाष्प भरपूर. रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या मोटारीच्या काचा बाहेरून दवाने भिजतात आणि माणसे आत बसली की त्यांच्या श्वासाने आतूनही धूसर होतात. साहजिकच, इंजिन सुरू होताच चालकाचा हात एसीच्या बटणाकडे जातो. हवेतील बाष्प काढून काच स्वच्छ करण्याचे काम हे यंत्र उत्तम करते. प्रश्न आहे तो फक्त वेळेचा.

बहुतेक पेट्रोल व डिझेल मोटारींत कॉम्प्रेसर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. विद्युतचुंबकीय क्लच जोडला गेला की तो इंजिनाकडून शक्ती घेऊ लागतो. थंड इंजिनातील वंगण घट्ट असते, इंधनाची वाफ नीट होत नाही आणि स्टार्टर फिरवून बॅटरीही दमलेली असते. त्याच क्षणी हे ओझे पडल्यास इंजिन अडखळते, प्रसंगी बंद पडते.

याहून गंभीर इजा खुद्द कॉम्प्रेसरला होऊ शकते. शीतकारक वायू, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील ‘गॅस’, बंद गाडीत सर्वांत थंड भागाकडे सरकतो आणि तेथे त्याचा द्रव होतो. सकाळी हवा तापू लागते, पण कॉम्प्रेसरचे जड धातूचे शरीर मागेच राहते. त्यामुळे द्रव नेमका तेथे साचतो. वायू दाबला जातो, द्रव दाबला जात नाही. कॉम्प्रेसर एकदम वेगाने फिरला तर आतील झडपांना आघात पोहोचतो. शिवाय द्रवात मिसळलेले वंगण फेसाळून बाहेर ओढले जाते आणि फिरते भाग काही काळ कोरडे राहतात. हे नुकसान एका दिवसात दिसत नाही. गाडीमालकास ते काही वर्षांनी दुरुस्तीच्या बिलात दिसते.

कोलकात्याजवळील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार झालेल्या अ‍ॅम्बॅसडरसारख्या जुन्या धाटणीच्या गाड्यांत चालकाची सवय हीच बव्हंशी नियंत्रणव्यवस्था असे. आजच्या मोटारींत हे काम संगणक करतो. इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंद तो क्लच जोडू देत नाही आणि जोडण्यापूर्वी इंजिनाचे फेरे किंचित वाढवतो. काही ठिकाणी क्लच क्षणभर जोडून लगेच सोडण्याची युक्तीही योजतात. त्याने साचलेला द्रव हळूहळू बाहेर पडतो.

कडाक्याच्या थंडीत आणखी एक पहारेकरी असतो. शून्य अंशाजवळ, प्रचलित आर-१३४ए या शीतकारकाचा दाब सुमारे दोन वातावरणांपर्यंत उतरतो आणि बहुतेक गाड्यांतील दाबदर्शक स्विच कॉम्प्रेसर सुरूच होऊ देत नाही. दार्जिलिंगला गेलेल्या पर्यटकास एसी बिघडल्यासारखा वाटतो तो यामुळे. अशा वेळी घाईने गॅस भरून घेणे म्हणजे पैसे देऊन बिघाड विकत घेणे होय. कोलकात्याच्या १३ अंशांत मात्र दाब पुरेसा असतो, त्यामुळे हा स्विच हरकत घेत नाही. तेथे थोडा संयम चालकानेच पाळावा लागतो.

तो फार नाही. गाडी सुरू करताना एसी बंद असावा. अनेक गाड्यांत हवेचा झोत पुढील काचेकडे वळवताच कॉम्प्रेसर आपोआप सुरू होतो, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. आरंभी बाहेरची हवा आत घ्यावी, काच कोरड्या कापडाने पुसावी आणि इंजिनाचे फेरे स्थिरावल्यावर, साधारण मिनिटभराने, एसी लावावा. काच स्वच्छ दिसेपर्यंत गाडी हलवू नये, हे सांगणे नलगे. उलट टोकाची काळजीही बरी नव्हे. संपूर्ण हिवाळा एसी बंद ठेवल्यास दांड्याभोवतीचे सील सुकते आणि गॅस गळू लागतो. पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटे तो अवश्य चालवावा.

कोलकात्याच्या रस्त्यांवर २०१९ मध्ये विजेवरील वातानुकूलित बसगाड्या दाखल झाल्या. अशा वाहनांत इंजिनच नसल्याने कॉम्प्रेसरला स्वतःची मोटर असते. इंजिनावरील ओझ्याचा प्रश्न तेथे मिटला. साचणाऱ्या द्रवाचा मात्र मिटलेला नाही. म्हणून तेथेही कॉम्प्रेसरचा वेग पायरीपायरीनेच वाढवला जातो.