न दिसणाऱ्या कणाचा माग

यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या नारपोलीच्या मुलांना हे शिकवावे लागत नाही : कापडातील खोट पाहून कसबी कारागीर मागातील बिघाड ओळखतो. मूलकणांचे भौतिकशास्त्रही याच वाटेने जाते. एखादा जड कण निर्माण करण्याइतकी ऊर्जा यंत्रात नसली, तरी हलक्या कणांच्या वर्तनावर त्याची सूक्ष्म छाप उमटते. ती मोजण्यास मात्र विलक्षण अचूकता लागते.

इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांस १९८७ चा दाखला मोलाचा वाटतो. हॅम्बुर्ग येथील आर्गस प्रयोगात बी-मेसॉन हे कण अपेक्षेहून अधिक वेळा आपल्या प्रतिकणांत रूपांतरित होताना आढळले. यावरून ‘टॉप क्वार्क’ फार जड असला पाहिजे, असे अनुमान निघाले. त्या टकरींची ऊर्जा जेमतेम अकरा प्रोटॉनांच्या वस्तुमानाएवढी. आणि १९९५ मध्ये अमेरिकेतील फर्मिलॅबमध्ये टॉप क्वार्क सापडला, तो प्रोटॉनच्या सुमारे १८० पट जड!

जपानमधील बेल-२ प्रयोग आज याच पद्धतीने अज्ञात कणांच्या खुणा शोधत आहे. बी-मेसॉन नेमका कोठे फुटला, हे टिपणाऱ्या तेथील सिलिकॉन शोधकयंत्राचा एक थर उभारण्याची जबाबदारी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाने पेलली. ही संस्था कुलाब्याला आहे; भिवंडीहून ते काही फार दूर नाही.