इलेक्ट्रॉन 'नोड' ओलांडतो कसा?

दहावीपर्यंत उर्दू-मराठी माध्यम आणि अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी पुस्तक. खामगाव, मलकापूरकडची आपली मुलं ऑर्बिटलच्या धड्यात अडतात ती इथंच. २एस ऑर्बिटलमध्ये एका ठिकाणी इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता शून्य. त्यालाच नोड म्हणतात. मग तो आतून बाहेर जातो कसा?

तो गोटीसारखा जातच नाही, तो लहरीसारखा वागतो. घरी बहिणीला दोरीचं एक टोक धरायला सांगा. नीट हलवली की दोन फुगे दिसतात, मधला बिंदू जागेवरच. दोरी मात्र दोन्हीकडे एकाच वेळी हलते.

हायड्रोजनच्या २एसमध्ये नोड म्हणजे केंद्रकाभोवतीचा पोकळ गोल, अंतर सुमारे १.०६ अँगस्ट्रॉम. २पीमध्ये केंद्रकातून जाणारं सपाट प्रतल.

'नीट'साठी एवढं लिहून ठेवा: मुख्य क्वांटम अंकातून १ वजा, म्हणजे एकूण नोड. ३पीचे दोन, एक सपाट, एक गोल.